सेल नेमका कुठं संपतो

वायरलेस सेन्सरचं काम निघालं की गिऱ्हाईक आधी रेंज विचारतं, मग किंमत. सेल किती चालेल हे फारसं कुणी विचारत नाही, कारण माहितीपत्रकावर 'पाच वर्षे' असं आधीच छापलेलं असतं. सांगलीत माझं इलेक्ट्रॉनिक्सचं छोटं वर्कशॉप आहे. मोटर स्टार्टर, ड्रिपचे टायमर, कंट्रोल पॅनेल ही रोजची कामं. त्यातून तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्षबागेत सेन्सर बसवायचं काम आलं, आणि त्याच बागायतदारांच्या ओळखीनं पुढं बेदाण्याच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये तापमान कळवणारे टॅग लावायचं. दोन्हीकडं माझा बहुतेक वेळ सेलच्या मागंच गेला.

बागेतली गरज साधी होती. मातीतला ओलावा, हवेचं तापमान आणि आर्द्रता, आणि पान किती वेळ ओलं राहतं. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची, कारण डाऊनी या बुरशीच्या रोगाचा हिशेब पानाच्या ओलेपणावर आणि त्या वेळच्या तापमानावर चालतो. ऑक्टोबर छाटणीनंतर कोवळ्या फुटीवर एखादा पाऊस किंवा दाट धुकं पडलं की बागायतदार फवारणीच्या मागं धावतो. पान खरंच किती तास ओलं होतं हे कळलं तर एखादी फवारणी वाचते, किंवा वेळेवर तरी होते.

बागेत वीज होती, पण ती पंपाची. थ्री फेज, वेळापत्रकाप्रमाणं येणारी. तिथून ओळींमध्ये वायर टाकणं शक्य नव्हतं. ट्रॅक्टरचा ब्लोअर जातो, तण काढणारी बाई विळा चालवते, छाटणीच्या वेळी कात्री चालते. वायर आठवडाभर टिकली तरी नशीब. "सोलर का नाही लावत?" असं प्रत्येक जण विचारतो. मंडपाखाली ऊन पोचत नाही म्हणून. पॅनेल मंडपाच्या वर काढलं तर त्यावर मोरचूद-चुन्याच्या फवारणीचा निळसर थर बसतो, आणि तो पुसायला कुणी चढत नाही. छोटं पॅनेल रस्त्याकडच्या ओळीत असेल तर ते चोरीला जायचीही शक्यता. म्हणून ठरवलं, न चार्ज होणारा लिथियम थायोनिल क्लोराइडचा सेल वापरायचा. आकार पेन्सिल सेलचाच, पण व्होल्टेज ३.६ आणि क्षमता साधारण २४०० मिलिअँपिअर-तास. पडून राहिला तर वर्षाला एखादा टक्काच कमी होतो.

इथं एक हिशेब करून ठेवला की पुढचं सोपं जातं. वर्षात ८७६० तास. २४०० ला ८७६० नं भागलं की ०.२७ मिलिअँपिअर येतात, म्हणजे २७० मायक्रोअँपिअरच्या आसपास. नोडचा, म्हणजे बागेतल्या सेन्सरच्या एका डब्याचा, सरासरी करंट एवढा असेल तर सेल एक वर्ष चालेल. पाच वर्षं हवीत तर पन्नास-पंचावन्नच्या आत राहायला हवं. पन्नास मायक्रोअँपिअर म्हणजे एका साध्या इंडिकेटर एलईडीला लागणाऱ्या करंटच्या वीस-पंचविसावा भाग.

आणि बाजारातून आणलेल्या तयार बोर्डावर तसला एलईडी असतोच. लाल, कायम पेटलेला. बोर्ड चालू आहे हे कळावं म्हणून. बागेच्या मधोमध प्लॅस्टिकच्या बंद डब्यात तो कुणाला दिसणार? पहिल्यांदा सोल्डरिंग आयर्ननं तो उचलला. खरा खादाड मात्र शेजारीच होता. स्वस्त बोर्डांवर एएमएस १११७ नावाचा व्होल्टेज रेग्युलेटर सर्रास असतो. पुढं काहीही जोडलेलं नसलं तरी तो स्वतःसाठीच पाच मिलिअँपिअरच्या आसपास घेतो. २४०० भागिले ५, म्हणजे ४८० तास. वीस दिवसांत सेल खलास, आणि तोही सेन्सरनं एकही आकडा न पाठवता. तो काढून एमसीपी १७०० बसवला. त्याला स्वतःला दीड-दोन मायक्रोअँपिअर पुरतात. यूएसबीची चिप बोर्डावरून काढून प्रोग्रॅमिंगपुरती बाहेरून जोडायची सोय केली. सेलचं व्होल्टेज मोजायला लाखा-लाखाचे दोन रेझिस्टर लावलेले होते, त्यांतून चोवीस तास अठरा मायक्रोअँपिअर गळत होते. त्यांच्यामागं मॉसफेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, टाकला, मोजायच्या क्षणापुरतीच वाट उघडते.

हे सगळं मोजणं हा वेगळाच उद्योग आहे. साधा मल्टिमीटर मायक्रोअँपिअरच्या रेंजवर लावला की मीटरच्या पोटातला शंभर ओहमचा, काही मीटरात हजार ओहमचा, रोध सेलच्या वाटेत येतो. नोड झोपलेला असतो तोवर सगळं ठीक. तो जागा होऊन रेडिओ चालू करतो तेव्हा चाळीस मिलिअँपिअर मागतो, आणि शंभर ओहमवर चाळीस मिलिअँपिअर म्हणजे चार व्होल्ट. सेलच मुळी ३.६ चा. नोड कोसळतो, पुन्हा सुरू होतो, पुन्हा कोसळतो, आणि मीटरवर आकडे नाचत राहतात. यावर उपाय म्हणून मीटरच्या दोन्ही टोकांना आडवा एक साधा स्विच जोडला. नोड जागा असताना स्विच ऑन, म्हणजे करंट मीटरला वळसा घालून जातो. नोड झोपला की स्विच ऑफ करायचा आणि आकडा वाचायचा. महागडं पॉवर ॲनालायझर माझ्याकडं नाही, आणि या कामासाठी त्याची गरजही पडली नाही.

स्विच ऑफ केल्यावर दिसलेला आकडा तरीही अपेक्षेपेक्षा मोठा होता. सेन्सरचा सप्लाय तोडलेला, रेडिओ झोपलेला, तरी कुठून तरी साठेक मायक्रोअँपिअर जात होते. एकेक वायर सुटी करून पाहिली. आर्द्रतेच्या सेन्सरच्या डेटा लाइनीवरचे पुल-अप, म्हणजे लाइन वर ओढून धरणारे, रेझिस्टर थेट सेलला जोडलेले होते. सेन्सरचा मुख्य सप्लाय बंद असला तरी डेटाच्या पायांतून करंट आत शिरत होता. पुढच्या दारानं जेवण बंद, मागच्या दारानं चालू. पुल-अपही सेन्सरच्याच सप्लायवर घेतले आणि झोपताना कंट्रोलरचे ते पाय खाली ओढून ठेवले, तेव्हा आकडा सहावर आला. वर्कशॉपमधला पोरगा म्हणाला, "मीटर बिघडला वाटतं." इतके छोटे आकडे त्यानं तोवर पाहिले नव्हते.

मग रेडिओ. आम्ही लोरा, म्हणजे थोड्या विजेत लांब पोचणारा रेडिओ, वापरला, भारतात परवान्याशिवाय चालणाऱ्या ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात. लोरात स्प्रेडिंग फॅक्टर म्हणून एक गोष्ट असते, ७ ते १२. आकडा जितका मोठा तितका सिग्नल लांब पोचतो, पण तोच संदेश पाठवायला वेळ जास्त लागतो. प्रत्येक पायरीला जवळपास दुप्पट. आमचा छोटासा संदेश ७ वर साधारण ६० मिलिसेकंदांत जातो, १२ वर त्यालाच दीड सेकंद लागतो. पंचवीस पट. दर पंधरा मिनिटांनी चाळीस मिलिअँपिअरनं पाठवलं तर ७ वर सरासरी तीनेक मायक्रोअँपिअर पडतात, १२ वर सदुसष्ट. झोपेतले मायक्रोअँपिअर वाचवायला मी बोर्ड सोलून काढला आणि रेडिओ एका संदेशात सगळं उधळणार, असं चित्र होतं.

आबांना, म्हणजे बागेच्या मालकांना, पंधरा मिनिटंही जास्त वाटत होती.

"पाच मिनिटाला एकदा दिसू दे की मोबाईलवर."

"आबा, पाच मिनिटांत जमीन वाळती काय?"

"जमीन न्हाई वाळत. पण पान भिजतंय न्हवं?"

त्यांचं बरोबर होतं. पानाच्या बाबतीत पाच मिनिटं महत्त्वाची. पण मोजणं आणि पाठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पानाचा सेन्सर काही मिलिसेकंदांत वाचून होतो. म्हणून नोड पाच मिनिटांनी उठतो, पान बघतो, आणि कोरडं होतं ते ओलं झालं किंवा ओलं होतं ते वाळलं असेल तरच लगेच कळवतो. नाहीतर तासाला एकदाच सगळे आकडे जातात. मातीचा सेन्सरही तासालाच चालू होतो. तो कपॅसिटिव्ह प्रकारचा आहे, पाच मिलिअँपिअर घेतो आणि आकडा स्थिरावायला थोडा वेळ लागतो, म्हणून त्याला आधी सप्लाय देऊन थांबायचं आणि मग वाचायचं. आबांच्या मोबाईलवर पान भिजल्याचं पाच मिनिटांत कळतं, आणि रेडिओ दिवसातून तीसेक वेळाच तोंड उघडतो. पोच मागायची पद्धतही बंद केली. पोच आली नाही की नोड तोच संदेश पुन:पुन्हा पाठवतो, आणि तासाचा एखादा आकडा हुकला तर बागेचं काही बिघडत नाही.

स्प्रेडिंग फॅक्टर खाली आणायचा उपाय नोडमध्ये नव्हताच. गेटवे, म्हणजे सगळ्या नोडचे संदेश ऐकून पुढं पाठवणारा डबा, सुरुवातीला घरातल्या खिडकीत ठेवला होता, इन्व्हर्टरजवळ, कारण लाइट गेली तरी तो चालू राहायला हवा. लांबच्या ओळीतले नोड तिथपर्यंत पोचायला १० आणि ११ वर जात होते. अँटेना स्लॅबवरच्या पाण्याच्या टाकीच्या वर पाइपला बांधला, तसे बहुतेक नोड ७-८ वर उतरले. नोडना हातही न लावता त्यांच्या रेडिओचा खर्च कितीतरी पटींनी कमी झाला. सेल वाचवायचा असेल तर आधी गेटवेचा अँटेना बघा, हे मी आता प्रत्येकाला सांगतो. लोकांना ते पटत नाही. त्यांना मोठी बॅटरी हवी असते.

हे सगळं छाटणीनंतरच्या मोकळ्या बागेत झालं होतं. मंडपावर नुसत्या काड्या, खाली ऊन. पुढं फुटवे आले, पानं दाटली, मणी भरायला लागले. ओलं पान म्हणजे शेवटी पाणीच, आणि पाणी रेडिओचा सिग्नल शोषतं. डिसेंबरात तेच नोड स्वतःहून ९ वर गेले, सर्वांत लांबचा १० वर. सकाळी दव असताना जास्त, दुपारी थोडं कमी. म्हणजे ज्या महिन्यांत आकडे सर्वांत महत्त्वाचे, त्याच महिन्यांत पाठवणं सर्वांत महाग. सेलचा हिशेब म्हणूनच भरल्या बागेचा धरायचा, छाटलेल्या बागेचा नाही. अँटेना वेलीच्या पानांतून काढून मंडपाच्या तारांपेक्षा हातभर वर नेला की बराच फरक पडतो. फक्त तारेला चिकटून बांधायचा नाही.

एप्रिलच्या खरड छाटणीनंतर उलटी अडचण. सावली गेलेली, सांगलीचं ऊन, आणि बंद डबा. उष्णतेनं सेलची आतल्या आतली झीज वाढते. डबे खांबाच्या उत्तरेच्या अंगाला फिरवले आणि पांढरे घेतले. एवढ्यावर भागलं.

या सेलची एक खोड मात्र माहीत असलेली बरी. तो बराच काळ नुसता पडून राहिला की आत लिथियमवर एक पातळ थर धरतो. त्या थरामुळंच तो वर्षानुवर्षं टिकतो. पण अशा सेलवर एकदम रेडिओचा भार टाकला की व्होल्टेज क्षणभर धाडकन खाली येतं. मीटरवर ३.६ दाखवणारा कोरा सेल नोडमध्ये घातला की नोड उठतच नाही, आणि माणूस म्हणतो दुकानदारानं फसवलं. दुकानात बराच काळ पडून असलेल्या सेलना मी बसवण्यापूर्वी तीनशे-साडेतीनशे ओहमचा रेझिस्टर काही सेकंद लावून जागं करतो. शिवाय प्रत्येक नोडमध्ये सेलला समांतर मोठ्या क्षमतेचा, कमी गळतीचा कपॅसिटर आहे. रेडिओचा झटका तो झेलतो, सेल मागून सावकाश भरत राहतो.

दुसरी खोड अशी, की या सेलचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळपास सपाट राहतं आणि मग एकाएकी पडतं. त्यामुळं व्होल्टेजवरून 'बॅटरी ७२ टक्के' असं दाखवणारं ॲप निव्वळ करमणूक आहे. आम्ही नोडलाच हिशेब ठेवायला लावला. किती वेळा उठला, कुठल्या स्प्रेडिंग फॅक्टरवर किती संदेश पाठवले, हे तो मोजतो आणि दिवसातून एकदा कळवतो. त्यावरून खर्च झालेले मिलिअँपिअर-तास काढता येतात. अंदाजच असतो, पण टक्क्यांच्या चित्रापेक्षा पुष्कळ बरा.

एका शेजाऱ्यानं चार्ज होणारे १८६५० सेल मागवले होते, वर '९९०० मिलिअँपिअर-तास' छापलेले. त्या आकाराच्या चांगल्या सेलमध्ये साडेतीन हजारांच्या आसपास बसतात. हे हातात घेतले तरी हलके लागत होते. यापुढं त्याबद्दल काही बोलत नाही.

कोल्ड स्टोरेजचं काम निघालं ते बेदाण्यामुळं. बागेतला काही माल दरवर्षी शेडवर जातो, बेदाणा होतो, आणि सौद्यात दर पडलेला असला की बॉक्स कोल्ड स्टोरेजमध्ये थांबतात. सांगली-तासगावकडं हे नेहमीचंच. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकनही आहे. आत तापमान चार-पाच अंश. चालकांना प्रत्येक थप्पीजवळ तापमान किती, आणि दार उघडं राहिल्यावर वरचे थर किती तापतात, हे हवं होतं. बिनबॅटरीचे पॅसिव्ह टॅग रीडर जवळ नेला तरच बोलतात, आणि रीडर नसताना तापमानाची नोंद ठेवत नाहीत. म्हणून ॲक्टिव्ह टॅग घेतले, ब्लूटूथ लो एनर्जीवर चालणारे, आत सीआर २०३२ चा गोल सेल. तीन व्होल्ट, २२० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास.

कागदावर हिशेब छान होता. दर सेकंदाला एकदा हाक मारणाऱ्या अशा टॅगचा सरासरी करंट दहा-बारा मायक्रोअँपिअर, म्हणजे दोन वर्षांहून जास्त. प्रत्यक्षात पहिल्याच हंगामात एकेक टॅग गप्प व्हायला लागला. मेलेला टॅग काढून ऑफिसात आणला, सेल उघडून मीटर लावला, तर २.९ व्होल्ट. टॅगमध्ये परत घातला तर टॅग चालू! कामगारांनी असे टॅग पुन्हा आत नेऊन ठेवले आणि ते पुन्हा गप्प झाले. काही जणांचा सरळ निष्कर्ष होता की टॅगच डुप्लिकेट आहेत.

गोल सेलचा अंतर्गत रोध थंडीत वाढतो, आणि सेल थोडा वापरला गेला की आणखी वाढतो. टॅग हाक मारताना क्षणभर आठ-दहा मिलिअँपिअर मागतो. रोध शंभर ओहमपर्यंत गेला असेल तर तेवढ्यात एक व्होल्ट आतच पडतो. २.८ मधून एक गेला की १.८ उरतात, आणि तिथं टॅगमधली चिप रीसेट होते. पुन्हा सुरू होताना ती नेहमीपेक्षा जास्त करंट घेते, पुन्हा पडते, आणि या चक्रात सेल खरोखरच संपतो. ऑफिसातल्या तीस अंशांत रोध कमी होतो आणि टॅग ठणठणीत. मीटर भार न टाकता व्होल्टेज मोजतो, त्यामुळं त्याला यातलं काहीच दिसत नाही. आता मी सेल तपासताना शंभर-दोनशे ओहमचा रेझिस्टर लावून, आणि सेल कोल्ड रूममध्ये तासभर ठेवून, तिथंच मोजतो. स्वेटर घालून उभं राहावं लागतं तेवढंच.

टॅगमध्ये बदल केले ते असे. हाकेचं अंतर सेकंदावरून दहा सेकंदांवर. बेदाण्याचं तापमान सेकंदाला बदलत नाही. पाठवायची ताकद एक पायरी कमी. सेलला समांतर शंभर मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आणि तो सिरॅमिकच, कारण साध्या इलेक्ट्रोलिटिकची स्वतःची गळतीच झोपलेल्या टॅगपेक्षा जास्त निघू शकते. भिंती पत्र्याच्या, मध्ये पफ, म्हणजे थंडी धरून ठेवणारा फोम. बाहेरून काही ऐकू येत नाही, म्हणून ऐकणारा रिसीव्हर प्रत्येक खोलीत आत बसवला आणि त्याला मेनची वीज दिली. इथं चालकांचा आग्रह होता की टॅगनंच एकमेकांचं ऐकून संदेश पुढं सरकवावेत, म्हणजे रिसीव्हर कमी लागतील. ऐकायलाही रेडिओ पाच-सहा मिलिअँपिअर घेतो. सीआर २०३२ वर टॅग सतत कान देऊन बसला तर दोन दिवसही टिकणार नाही. हा हिशेब कागदावर मांडून दाखवला, तेव्हा दोन खोल्यांत प्लग पॉइंट काढून मिळाले.

तरी सर्वांत आतल्या, पंख्यासमोरच्या टॅगचे सेल बाकीच्यांच्या आधी बसतात. तिथं आता जाड सीआर २४७७ चे टॅग लावतोय, क्षमता चौपटीच्या वर आणि झटका झेलायची ताकदही जास्त. बॉक्स बाहेर काढताना टॅगवर दव धरतं म्हणून सर्किटवर कन्फॉर्मल कोटिंगचा, म्हणजे ओलावा अडवणाऱ्या लेपाचा, हात मारलाय, फक्त तापमानाच्या सेन्सरचं तोंड उघडं. टॅग केवळ हद्द ओलांडल्यावरच बोलावा असंही एकदा ठरत होतं, पण मग गप्प टॅग ठीक आहे की मेला हे कळणार कसं? म्हणून दहा सेकंदांची हाक ठेवलीच.

संपलेले सेल मी परत मागून घेतो. लिथियमचे सेल कचऱ्याच्या ढिगात पेटतात, आणि गोल सेल लहान पोरांनी गिळला तर जिवावर बेततं. कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात त्यासाठी एक झाकणाचा डबा ठेवलाय, प्रत्येक सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून आत टाकायचा. बागेतले सेल ऑक्टोबर छाटणीच्या आधी बघायचे असं आबांशी ठरलंय, हिशेबात शिल्लक दिसत असली तरी. छाटणीनंतर बागेत माणसांची इतकी धांदल असते की डबा उघडायला शिडीही मोकळी मिळत नाही.